यादीभाव, बिलभाव, हातातला भाव: रिटेल साखळीला पहिल्यांदा माल देणाऱ्यांसाठी

मोठ्या रिटेल साखळीला माल द्यायचा ठरला की नवा पुरवठादार सगळी ताकद एकाच आकड्यावर लावतो: भाव किती? बायर, म्हणजे साखळीचा खरेदी अधिकारी, शंभर म्हणतो की पंचाण्णव, यावर तीन बैठका होतात. भाव ठरला की सुटकेचा निःश्वास टाकून कराराची उरलेली बारा पाने न वाचता सही होते. खरी घासाघीस त्या बारा पानांत झालेली असते, तीही एकतर्फी.

हा लेख मुख्यतः पुरवठादाराच्या बाजूने लिहिला आहे. रिटेलरकडे खरेदी खात्यात नव्याने रुजू झालेल्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना हिशेब तोच असतो, फक्त चिन्हे उलटी. उदाहरणांत मुद्दाम कुठलेही चलन घातलेले नाही. आकडे तुमच्या चलनात वाचा.

पहिली पायरी: भावाची उतरंड कागदावर मांडा

बैठकीला जायच्या आधी एक तक्ता तयार करा. सर्वांत वर यादीभाव, सर्वांत खाली सगळे वजा जाता तुमच्या खात्यात खरोखर उरणारी रक्कम. मधली प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत.

समजा यादीभाव १००. व्यापारी सूट १० टक्के, म्हणजे बिलावर ९०. इथवर सगळ्यांना दिसते. पुढे वार्षिक रिबेट (बिल झाल्यावर नंतर परत द्यायची सूट) ३ टक्के, प्रमोशनचा, म्हणजे खास सवलतीच्या विक्रीमोहिमेचा, वाटा ४ टक्के, रिटेलरच्या गोडाऊनमधून दुकानांपर्यंत माल नेण्याचा भत्ता २ टक्के आणि तुटफूट भत्ता १ टक्का. हे सगळे बिलाच्या रकमेवर धरले तर ९ गेले, राहिले ८१. उशिरा पोचलेला माल, कमी भरलेली खोकी यांपोटी सरासरी १ जातो असे धरा, राहिले ८०. पैसे ६० दिवसांनी येणार आणि तुम्ही स्वतः १२ टक्के व्याजाने भांडवल उचलता, तर ९० च्या बिलावर ६० दिवसांचे व्याज सुमारे १.७८. हातात पडले ७८.२२.

आता उत्पादन खर्च ७० असेल तर बिलावर २० सुटताना दिसतात, प्रत्यक्षात सव्वाआठ सुटतात. तोटा नाही, पण ज्या वीसच्या भरवशावर तुम्ही नवे मशीन घ्यायला निघालात ते वीस कधी नव्हतेच.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट तपासायची. रिबेटपासून तुटफूट भत्त्यापर्यंतचे मिळून झालेले १० टक्के कशावर मोजायचे? बिलाच्या रकमेवर मोजले तर ९ जातात, यादीभावावर मोजले तर १० जातात. करारात ‘बिल रकमेवर’ की ‘यादीभावावर’ एवढाच शब्दांचा फरक, आणि सव्वाआठमधला एक गेला. करासहित रकमेवर टक्का लावलेला असेल तर आणखी जाईल. म्हणून प्रत्येक टक्क्यापुढे ‘कशावर’ हा रकाना ठेवाच.

दुसरी पायरी: मार्जिन आणि मार्कअप यांत गल्लत करू नका

ही शिकवणी दोन मिनिटांची आहे. ६० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर ४० सुटले. विक्रीच्या भावावर मोजले तर ते ४० टक्के मार्जिन, खरेदीच्या भावावर मोजले तर ६६.६७ टक्के मार्कअप. बायर जवळपास नेहमी मार्जिनमध्ये बोलतो, कारखान्यातले लोक सवयीने मार्कअपमध्ये. ‘आम्हाला ४० लागतात’ असे त्याने म्हटल्यावर तुम्ही ६० वर ४० टक्के चढवून ८४ चा भाव मनात धरलात, तर संभाषण दोन वेगळ्या खोल्यांत चालू आहे. विक्रीभावातून कर वगळून मग मार्जिन काढायचे, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या.

तिसरी पायरी: पुढचे मार्जिन आणि मागचे मार्जिन ओळखा

रिटेलर दोन ठिकाणी कमावतो. बिलाचा भाव आणि फळीवरचा भाव यांतला फरक हे पुढचे मार्जिन. रिबेट, भत्ते, शुल्के या रूपाने तुमच्याकडून नंतर परत येते ते मागचे मार्जिन. आधीच्याच उदाहरणात फळीवरचा भाव कर वगळून १२० असेल, तर बिलावरून पाहता रिटेलरचे मार्जिन २५ टक्के. मागून मिळणारे ९ धरले की तेच ३२.५ टक्के.

मग सरळ ८१ चे बिल का करत नाहीत? कारणे बरीच आहेत आणि सगळी वाईट नाहीत. रिबेट विक्रीच्या टप्प्याला बांधता येतो, म्हणजे जास्त खपवले तरच मिळतो. पुरवठादारालाही यादीभाव सगळ्यांसाठी एकच ठेवून वेगवेगळ्या ग्राहकांशी वेगळा व्यवहार करता येतो. पण एक कारण निव्वळ झाकाझाकीचे असते: बिलावर न दिसणारी सूट कुणालाच दिसत नाही, तुमच्या दुसऱ्या ग्राहकालाही नाही आणि अनेकदा बायरच्याच दुकान खात्यालाही नाही.

कायदा याला कसा हातभार लावू शकतो ते फ्रान्समध्ये दिसले. १९९६ च्या गालां कायद्याने तोट्यात विक्रीवरची बंदी कडक केली आणि तोटा मोजायचा आधार म्हणून बिलावरचा भाव धरला. बिलाबाहेरच्या सवलती त्यात मोजल्या जात नव्हत्या. साखळ्यांनी बिलावरचा भाव चढा राहू दिला आणि आपली कमाई मागच्या मार्जिनमध्ये हलवली. स्पर्धक त्या भावाखाली विकू शकत नव्हता, त्यामुळे किंमतयुद्धही थंडावले. भरडला गेला गिऱ्हाईक. २००५ आणि २००८ मध्ये कायदे बदलून ही गाठ सैल करावी लागली. लहान पुरवठादाराला वाचवायला आणलेल्या नियमामुळेच त्याच्याकडून शुल्के मागण्याची चढाओढ लागली, हे या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चौथी पायरी: प्रत्येक शुल्काला एकच प्रश्न विचारा

शुल्कांची नावे साखळीगणिक बदलतात. एकीकडे ‘व्यवसाय विकास निधी’, दुसरीकडे ‘भागीदारी योगदान’. नावावर जाऊ नका. प्रश्न एवढाच: या पैशाच्या बदल्यात रिटेलर नेमके काय करणार आहे, आणि ते केले नाही तर पैसे परत मिळणार का?

गोडाऊन भत्त्याचे उत्तर सोपे आहे. पन्नास दुकानांना पन्नास गाड्या पाठवण्याऐवजी तुम्ही एका गोडाऊनला एक गाडी पाठवता, पुढची वाहतूक ते करतात. तुमचा जो खर्च वाचला त्याच्या आतला टक्का असेल तर आनंदाने द्या. टोकाच्या फळीवरची मांडणी, माहितीपत्रकातली जागा, विक्रीच्या आकड्यांचा अहवाल, यांचाही काही तरी मोबदला मिळतो. ‘वार्षिक सदिच्छा रक्कम’ याचे उत्तर मात्र कुणाकडेच नसते. ती निव्वळ भावातली घट आहे. द्यायची असेल तर घट म्हणून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तीच रक्कम नव्या नावाने पुन्हा मागितली जाणार नाही.

सर्वांत जास्त वाद होतो तो फळीवर जागा मिळवण्याच्या शुल्कावर, ज्याला लिस्टिंग किंवा स्लॉटिंग फी म्हणतात. अमेरिकेच्या किराणा व्यापारात हा प्रकार १९८० च्या दशकात फोफावला. रिटेलरची बाजू अशी: नवी वस्तू येते तेव्हा जुनी काढावी लागते, संगणकात नोंद, गोडाऊनमध्ये खण, फळीची फेरमांडणी असा खर्च होतो, आणि नव्या वस्तूंपैकी कितीतरी पडतात. स्वतःच्या मालावर विश्वास असलेला पुरवठादारच पैसे लावेल, म्हणजे आपोआप चाळणी होईल. यात तथ्य आहे. पण ती चाळणी माल चांगला की वाईट हे पाहत नाही, खिसा खोल की उथळ हे पाहते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये काही निवडक साखळ्यांचा आणि पुरवठादारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विचारलेल्या बहुतेक पुरवठादारांनी देशभर एक नवी वस्तू उतरवायला १५ ते २० लाख डॉलर स्लॉटिंगपोटी लागतील असे सांगितले होते. लहान उत्पादकाला हा उंबरठा ओलांडता येत नाही.

तुमच्यापुढे असे शुल्क आले तर तत्त्वचर्चा बाजूला ठेवून गणित करा. शुल्क ६०,०००, दुकाने ५०, सगळी कपात जाता एका नगामागे सुटतात १२. शुल्क वसूल व्हायला ५,००० नग विकले पाहिजेत, म्हणजे दुकानामागे १००. एका दुकानात आठवड्याला ४ नग जातात असा अंदाज असेल तर २५ आठवडे लागले. आता करार उघडून बघा: आढावा कधी? २६ आठवड्यांनी असेल तर जेमतेम एक आठवडा तुम्ही कमावणार आणि मग माल ठेवायचा की काढायचा हे बायर ठरवणार. अशा वेळी शुल्क कमी करून घेण्यापेक्षा मुदत वाढवून घेणे बहुधा सोपे जाते. ‘किमान ५२ आठवडे, किमान ५० दुकाने, आधी काढल्यास उरलेल्या आठवड्यांच्या प्रमाणात परतावा’ हे वाक्य करारात घालायला सांगा. बायरला स्वतःच्या वर्षाच्या उद्दिष्टासाठी शुल्काचा आकडा हवा असतो. मुदतीवर तो तितका अडून बसत नाही.

रोख शुल्काऐवजी पहिली भरणी मोफत देण्याचा पर्यायही असतो. तुमच्या दृष्टीने तो बरा, कारण मोफत दिलेला नग तुम्हाला उत्पादन खर्चाला पडतो, रिटेलरच्या खात्यात तो पूर्ण भावाने मोजला जातो.

पाचवी पायरी: प्रमोशनची सूट खरेदीवर नको, विक्रीवर द्या

या पायरीवर सर्वांत जास्त पैसा गळतो आणि कुणाला कळतही नाही, म्हणून थोडे सविस्तर.

प्रमोशनच्या काळात बिलातच सूट द्यायची, ही जुनी पद्धत. चार आठवडे प्रत्येक नगावर १० कमी. रिटेलर त्या चार आठवड्यांत मागवील तेवढ्या सगळ्या मालावर ती मिळते. दुसरी पद्धत अशी की बिल नेहमीच्या भावाने करायचे आणि गल्ल्यावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या नगांवरच सूट परत द्यायची.

आकडे बघा. एरवी आठवड्याला १,००० नग खपतात, नगामागे तुम्हाला ३० सुटतात. १० ची सूट दिली की २० सुटणार. म्हणजे नुसते आहे तिथे राहायला खप दीडपट, १,५०० व्हायला हवा. समजा प्रमोशन झकास चालले आणि आठवड्याला १,८०० गेले, चार आठवड्यांत ७,२००. पण हुशार बायरने शेवटच्या आठवड्यात गोडाऊन भरून घेतले आणि एकूण १२,००० नग उचलले. जादाचे ४,८०० नग पुढच्या ४.८ आठवड्यांत गिऱ्हाइकाला पूर्ण भावाने विकले गेले, सूट साखळीच्या खिशात राहिली, आणि त्या काळात तुमच्याकडे एकही ऑर्डर आली नाही.

हिशेब: १२,००० नगांवर प्रत्येकी २० म्हणजे २,४०,०००. प्रमोशन नसतेच तर याच ८.८ आठवड्यांत ८,८०० नग ३० प्रमाणे २,६४,००० देऊन गेले असते. २४,००० चा तोटा. स्कॅनवर सूट दिली असती तर ७,२०० नगांवर २० आणि ४,८०० वर ३०, एकूण २,८८,०००. तेच प्रमोशन, तेच गिऱ्हाईक, तेवढाच खप, आणि २४,००० चा नफा. (प्रमोशननंतर घरोघरी साठा झाल्याने खप काही दिवस मंदावतो तो इथे धरलेला नाही. तुमच्या तक्त्यात धरा.)

बायरचे हे वागणे लबाडी नव्हे. स्वस्त मिळतेय तेव्हा भरून ठेवणे हेच त्याचे काम. दोष सूट देण्याच्या पद्धतीचा. यातून कारखान्याचे नियोजनही कोलमडते: एका महिन्यात ओव्हरटाइम, पुढच्या महिन्यात मशीन बंद. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यादीभाव उतरवून अशा सवलती मोठ्या प्रमाणात छाटल्या, त्यामागे हाच वैताग होता. घाऊक व्यापारी आणि काही साखळ्या चिडल्या, कारण त्यांची बरीच कमाई या साठेबाजीवर होती.

स्कॅनवर आधारित सूट मान्य करून घ्यायची तर विक्रीचा डेटा मिळाला पाहिजे, दुकाननिहाय आणि आठवडानिहाय. तो मिळत नसेल तर निदान प्रमोशन भावाने मिळणाऱ्या नगांवर कमाल मर्यादा घाला, आधीच्या सरासरी खपाच्या इतक्या पट, असे लिहून.

सहावी पायरी: उधारीचे दिवस कधीपासून मोजतात ते विचारा

‘६० दिवस’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. बिलाच्या तारखेपासून ६०, माल जमा झाल्यापासून ६०, की महिनाअखेरीपासून ६०? शेवटच्या प्रकारात एक तारखेला गेलेल्या मालाचे पैसे ९० दिवसांनी येतात. तसे असेल तर शक्य तेवढा माल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाठवण्यात शहाणपण आहे. साखळी आठवड्यातून एकदाच पेमेंट सोडत असेल तर आणखी काही दिवस धरा.

लवकर पैसे दिल्यास रोख सूट हा प्रकार दिसतो त्यापेक्षा महाग असतो. १० दिवसांत दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम, या नेहमीच्या अटीत तुम्ही २० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून ९८ वर २ देता. वर्षाला तो दर ३७ टक्क्यांच्या घरात जातो. बँकेचे कर्ज त्याहून कितीतरी स्वस्त. आणि काही साखळ्या ४५ व्या दिवशी पैसे सोडूनही २ टक्के कापतात. तसे झाल्यास लगेच लेखी कळवा. दोनदा सोडून दिलेत की तिसऱ्यांदा तो रिवाज ठरतो.

सातवी पायरी: दंडाची कलमे शब्दाशब्दाने वाचा

ठरल्या वेळी, ठरला तेवढा माल न आल्यास दंड, ही अट आता सर्रास असते. वॉलमार्टने २०१७ मध्ये ती कडक केली तेव्हा नियमात न बसलेल्या मालाच्या किमतीवर ३ टक्के कपात ठेवली होती. ‘नियमात न बसलेल्या मालाच्या’ हे शब्द मोलाचे आहेत. ५०० खोक्यांच्या ऑर्डरमध्ये २० खोकी राहिली, तर दंड २० वर की ५०० वर? पंचवीसपट फरक आहे.

याखेरीज तीन गोष्टी पाहा. वेळेची खिडकी किती मोठी? गोडाऊनने उतरवायची वेळच उशिराची दिली तर जबाबदारी कुणाची? आणि अंदाजापेक्षा दुप्पट ऑर्डर अचानक आली तर ती न पुरवल्याचाही दंड लागणार का? शेवटच्या मुद्द्यावर ‘मागील आठ आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त ऑर्डरला दंड नाही’ असे काहीतरी घालून घेता येते. मागितले तर मिळते, न मागितले तर कुणी देत नाही.

न विकलेला माल परत घेण्याची अटही इथेच पाहावी. परत येणाऱ्या मालाची वाहतूक कुणाची, उरलेली मुदत किमान किती हवी, किती टक्क्यांपर्यंत परत घ्यायचा. मर्यादा नसेल तर तो विक्रीचा करार नाही, तुमचा माल त्यांच्या फळीवर तुमच्याच जोखमीवर पडून आहे.

आठवी पायरी: पेमेंटची चिठ्ठी वाचायला शिका

करार झाला, माल गेला, पैसे आले. बिल ४,५०,००० चे, जमा झाले ३,९८,२५०. सोबतच्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत सहा ओळी:

रिबेट १३,५००
प्रमोशन १८,०००
गोडाऊन भत्ता ९,०००
तुटफूट भत्ता ४,५००
कमी माल २,२५०
उशीर दंड ४,५००

एकूण कपात ५१,७५०. बहुतेक छोट्या पुरवठादारांचा अकाउंटंट इथे ‘इतर कपात’ असे एकच खाते उघडून सगळे त्यात टाकतो. तसे करू नका. एकेक ओळ घ्या.

रिबेट ३ टक्के, बरोबर. प्रमोशन ४ टक्के कापले, पण या महिन्यात प्रमोशन झाले का? करारात ‘झालेल्या प्रमोशनवर’ असेल तर ही ओळ वादाची. गोडाऊन भत्ता बरोबर, पण काही माल तुम्ही थेट दुकानांत पोचवला असेल तर तेवढ्यावर तो लागू नाही. तुटफूट भत्ता सरसकट १ टक्का दिला आहे, म्हणजे त्याच मालाची वेगळी तुटफूट डेबिट नोट पुढच्या महिन्यात आली तर ती दुहेरी कपात. कमी माल २,२५० म्हणजे ९० भावाने २५ नग. पोचपावतीवर गोडाऊनचा शिक्का आणि पूर्ण संख्या असेल तर पैसे परत मागा. उशीर दंड १,५०,००० च्या एका खेपेवर ३ टक्के आहे. त्या दिवशी गाडी फाटकावर किती वाजता लागली, त्याची नोंद चालकाकडून घेतली होती का?

हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला मुदत असते. आक्षेप अमुक दिवसांत न घेतल्यास कपात मान्य समजली जाईल, असे बहुतेक करारांत असते. उलट दिशेने मात्र मुदत नसते: साखळ्या बाहेरचे ऑडिटर नेमून जुनी बिले उकरतात, ऑडिटरला वसुलीवर टक्का मिळतो, आणि तीन वर्षांपूर्वीच्या ‘राहून गेलेल्या’ सवलतीची डेबिट नोट येऊन थडकते. दोन्ही बाजूंना एकच मुदत, समजा १२ महिने, अशी मागणी सुरुवातीलाच करा.

मोठ्या कंपन्यांतही हा गोंधळ होतो याची नोंद ब्रिटनमध्ये झाली आहे. तिथल्या ग्रोसरीज कोड ॲडज्युडिकेटरने (किराणा साखळ्या पुरवठादारांशी नियमाने वागतात का हे पाहणारा अधिकारी) टेस्को या साखळीच्या व्यवहारांची चौकशी करून जानेवारी २०१६ मध्ये अहवाल दिला. पुरवठादारांचे पैसे देण्यात दिरंगाई झाल्याचा ठपका त्यात होता. भावातला बदल संगणकात चुकीचा चढल्याने एका पुरवठादाराचे काही दशलक्ष पौंड अडकले होते आणि ते परत मिळायला वर्षाहून जास्त काळ गेला.

रिटेलरच्या बाजूला बसलेल्यांसाठी त्याच कंपनीचा दुसरा धडा: २०१४ मध्ये टेस्कोचा नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून सांगितला गेल्याचे उघड झाले. पुरवठादारांकडून येणाऱ्या सवलती मिळायच्या आधीच उत्पन्नात धरल्या जात होत्या. पुढे हा आकडा २६.३ कोटींवर गेला. वर्षअखेरीचा रिबेट टप्पा गाठल्यावरच मिळणार असेल, तर तो नोव्हेंबरमध्ये मिळाल्यासारखा लिहू नका. पुरवठादाराच्या पुस्तकातही नियम आहे: २०१८ पासून लागू असलेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकाप्रमाणे ग्राहकाला दिलेली अशी रक्कम विक्रीतून वजा करायची असते. बदल्यात खरोखर वेगळी सेवा मिळाली असेल तरच ती खर्च म्हणून धरता येते. चौथ्या पायरीतला प्रश्न हिशेबनीसही विचारतो तो असा.

नववी पायरी: कायदा कुठे साथ देतो

देशागणिक फरक आहे, म्हणून फक्त दिशा सांगतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने शेती व खाद्य मालाच्या पुरवठ्यात नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत आणि इतर मालाचे ६० दिवसांत देणे बंधनकारक केले. एकतर्फी अटी बदलायला बंदी घातली. लिस्टिंगचे शुल्क, न विकलेला माल परत करणे, प्रमोशनचा वाटा हे आधी स्पष्ट लेखी ठरले असेल तरच घेता येतात. ब्रिटनमध्ये मोठ्या किराणा साखळ्यांसाठीची संहिता २०१० पासून आहे, ऑस्ट्रेलियात तशी संहिता एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली. अमेरिकेत १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या ग्राहकांना विनाकारण वेगळा भाव देण्यावर आणि प्रमोशन भत्त्यांतल्या भेदभावावर बंधन घालतो. म्हणजे तिथे नियम सूट देणाऱ्यालाही लागू आहे. भारतात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे.

एक मोह मात्र टाळा. साखळी माल फार स्वस्त विकते, बाकीचे ग्राहक ओरडतात, म्हणून ‘याखाली विकायचे नाही’ अशी अट घालावीशी वाटते. युरोपात किमान विक्रीभाव लादणे हा अतिगंभीर प्रकारात मोडणारा स्पर्धाभंग समजला जातो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या लीगिन निकालानंतर प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवर तपासले जाते. भाव सुचवता येतो. त्यापुढे पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारा.

दहावी पायरी: बैठकीत काय बोलायचे

तक्ता बरोबर न्या, पण दाखवू नका. उत्पादन खर्चाची फोड मागितली जाईल. ती दिलीत की पुढच्या वर्षी कच्चा माल उतरल्यावर बायर तुमच्याआधी आकडा सांगेल. द्यायचीच असेल तर फक्त ज्या कच्च्या मालाचा बाजारभाव जाहीर असतो त्यापुरते सूत्र द्या, आणि ते वर-खाली दोन्हीकडे लागू ठेवा.

काहीही सोडताना अट जोडा. ‘ठीक आहे, २ टक्के देतो’ असे कधीच म्हणायचे नाही. ‘१० ऐवजी २० दुकानांत माल ठेवलात तर २ टक्के देतो’ असे म्हणायचे. रिबेटही याच धर्तीवर टप्प्यांत बांधा, आणि टप्पा गाठल्यावर वाढीव टक्का फक्त वरच्या विक्रीवर की पहिल्या नगापासून, हे लिहून घ्या. १० लाखांपर्यंत २ टक्के आणि पुढे ४ टक्के असा करार असेल आणि विक्री १०.१ लाख झाली, तर फक्त वरच्यावर मोजल्यास रिबेट २०,४०० आणि पहिल्यापासून मोजल्यास ४०,४००. डिसेंबरात बायर अचानक छोटीशी ऑर्डर टाकतो ती बहुधा यासाठीच.

‘इतर कुणालाही याहून कमी भाव देणार नाही’ असे कलम समोर आले तर सही करू नका, निदान ‘समान प्रमाण आणि समान अटींवर’ हे शब्द घातल्याशिवाय तरी नाही. ते कलम तुमच्या पुढच्या प्रत्येक ग्राहकाचा भाव या बैठकीत ठरवून टाकते.

आणि भाववाढीची वाट पहिल्या करारातच काढून ठेवा. किती दिवसांची सूचना, आधीच्या ऑर्डरी कुठल्या भावाने, निर्णय न कळवल्यास काय. तीस दिवसांत उत्तर न आल्यास नवा भाव लागू, असे लिहून मिळत नसेल तर निदान तोवर नव्या ऑर्डरी घेण्याचे बंधन नाही एवढे तरी लिहून घ्या. नाहीतर भाववाढीचे पत्र बायरच्या टेबलावर चार महिने पडून राहते आणि जुन्या भावाच्या ऑर्डरी नेमाने येत राहतात, उशीर दंडाच्या कलमासकट.